धानाच्या बांधीतला सारस

रोवणीचे दिवस आहेत. दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडली असेल, तरी संध्याकाळी रेडिओ लावलात, बरं वाटलं. आज आम्ही बोलणार आहोत ते त्याच बांधीत आपल्याबरोबर राबणाऱ्या एका पक्ष्याबद्दल, सारसाबद्दल. गोंदियाकडच्या मैत्रिणींनी तो पाहिला असेल. भंडारा आणि चंद्रपूरकडच्या काहींनी पाहिला असेल, काहींनी आजीकडून नुसतंच ऐकलं असेल. महाराष्ट्रात सारस आता एवढ्याच भागात उरला आहे, आणि तोही मोजके काही डझन.

उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच सारस. उभा राहिला की पाच फूट, एखादा नर तर पावणेसहा फुटांच्या आसपास. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळ जणींपेक्षा उंच! पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सात-आठ फूट. अंग राखाडी, पाय लालसर, डोकं आणि मानेचा वरचा भाग बिनपिसांचा, लालभडक. पिल्लं व्हायच्या दिवसांत हा लाल रंग जास्तच खुलतो. नर-मादी दिसायला सारखेच, नर जरा थोराड. लांबून कुणाला बगळा वाटेल. उडताना बघा, बगळा मान आखडून घेतो, सारस मान सरळ पुढे ताणतो. हिवाळ्यात येणारे करकोचे याचेच भाऊबंद, पण ते पाहुणे. सारस मात्र बारा महिने आपल्या मुलखातला.

त्याच्या पायाचं मागचं बोट आखूड असतं आणि वर राहतं. त्यामुळे फांदी पकडता येत नाही, झाडावर बसता येत नाही. म्हणून सगळा संसार जमिनीवर. जमिनीवर कोल्हा आहे, कुत्रा आहे, मग अंडी ठेवायची कुठे? सारस ती पाण्यात ठेवतो. मालगुजारी तलावाच्या उथळ काठाला, बोडीत, नाहीतर पाणी साचलेल्या धानाच्या बांधीत. गवत, लव्हाळे, देवधान, धानाचे बुंधे जे सापडेल ते उपटून दोघं ढीग रचतात. ढीग सहा-सात फूट रुंद होतो आणि पाण्याच्या वर येतो. जोराचा पाऊस येऊन पाणी चढलं तर आणखी गवत टाकून घरटं उंच करतात. भोवतालचं पाणी हीच त्याची भिंत. तलावाचं पाणी अवेळी सोडलं, बांधी फोडली, की भिंत पडली. मग कुत्र्यांना चालत जाऊन अंडी खाता येतात.

अंडी बहुतेक वेळा दोन. एकेक अंडं गावठी कोंबडीच्या चार-पाच अंड्यांएवढ्या वजनाचं. महिनाभर, थोडे वरचे दिवस, नर-मादी पाळीपाळीनं उबवतात. एक बसलं की दुसरं चरतं आणि पहारा देतं. चारशे वर्षांपूर्वी जहांगीर बादशहानं सारसाची जोडी पाळली होती, त्यांना लैला-मजनू नावं दिली होती. त्यांची अंडी कधी फुटली, कोण केव्हा बसलं, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलं, आणि ३४ दिवसांचा त्याचा हिशेब आजही बरोबर आहे. बादशहाला एवढी फुरसत होती याचं आम्हाला जास्त नवल वाटलं!

पिल्लू बदामी रंगाचं. अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात चालू लागतं, पाण्यात पोहतंही. धोका दिसला की आई-बाप दबक्या आवाजात खूण करतात आणि पिल्लू गवतात दबून बसतं, हलत नाही. उडायला मात्र त्याला तीन महिने लागतात. या तीन महिन्यांतच सगळी परीक्षा. दोन पिल्लांतलं एक जगलं तरी पुष्कळ. पुढच्या हंगामापर्यंत ते आई-बापांमागेच फिरतं आणि त्याचा स्वतःचा संसार मांडायला आणखी तीन-चार वर्षं तरी जातात. कोंबडीसारखं भराभर वाढणारं हे कुळ नाही. म्हणून एक मोठा सारस मेला तर ती जागा भरायला बरीच वर्षं लागतात.

आता त्याच्या आवाजाबद्दल. सारसाची श्वासनळी छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली असते, त्यामुळे आवाज तुतारीसारखा घुमतो. जोडी समोरासमोर उभी राहते, चोची आभाळाकडे करते आणि एकत्र ओरडते. नराची एक हाक, की मादीच्या दोन. ही आमची जागा आहे, असं ते शेजारच्या जोडीला बजावत असतात.

जोडीची निष्ठा सगळीकडे गाजलेली आहे. गुजरातेत नव्या नवरा-नवरीला सारसाची जोडी दाखवायची रीत सांगतात. एक मेला की दुसरा अन्नपाणी सोडून मरतो, असंही म्हणतात. जोडी वर्षानुवर्षं टिकते हे खरं, पण मागे राहिलेला पक्षी नवा जोडीदार शोधतो, हेही पाहिलं गेलं आहे. कधी कधी तर तिघं मिळून एक पिल्लू वाढवताना दिसले आहेत आणि हाकही तिघांनी मिळून दिली आहे. एकट्या राहिलेल्या बाईनं झुरत बसावं, याला सारसाचा दाखला कुणी देऊ लागलं तर हे सांगायला हरकत नाही.

आपल्यातली एखादी म्हणेल, हे सगळं ठीक, पण माझी बांधी तुडवतो त्याचं काय? घरटं बांधताना आजूबाजूचं धान उपटतो, हे खरंच आहे. छोट्या शेतकरणीला तेवढंही जड जातं, ते आम्ही नाकारत नाही. पण नुकसान होतं ते घरट्याच्या आसपासच्या तुकड्यात, सबंध बांधीत नाही. बाकी वेळ तो कंदमुळं, सांडलेलं धान, टोळ, गोगलगाई, बेडूक, लहान मासे खातो. औषध लावलेलं बियाणं उघड्यावर पडलं तर तेही खातो आणि मरतो. राजस्थानात भरतपूरला १९८८ च्या सुमाराला सारस मेले, ते शेतात वापरलेल्या ऑल्ड्रिन नावाच्या विषानं. विजेच्या तारांनीही बरेच जातात. सहा ते आठ किलोचं धूड, तार दिसली तरी झटकन वळता येत नाही. तलावही आक्रसत चालले आहेत, काठांवर बेशरम माजली आहे.

रोवणी किंवा निंदण करताना घरटं दिसलं तर त्याच्याभोवती चार-पाच पावलांची जागा सोडून काम करावं. अंड्यांना हात लावू नये. उचलणं हा कायद्यानं गुन्हा आहे. त्या बांधीचं पाणी पिल्लं निघेपर्यंत फोडू नये, गावातली कुत्री तिकडे जाऊ देऊ नयेत. उरलेलं औषधाचं बियाणं मातीत गाडावं, धुऱ्यावर टाकू नये. जखमी सारस दिसला तर वनरक्षकाला सांगावं किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, पैसे पडत नाहीत. गटाच्या वहीत तारीख आणि बांधी कुणाची, एवढं लिहून ठेवलं तरी मोजणीला येणाऱ्यांच्या ते कामाचं असतं. मोजणी उन्हाळ्यात, पाणी आटून पक्षी थोड्या तलावांवर गोळा झाले की, भल्या पहाटे होते.