वाळूच्या साच्यातली होडी
स्वीडनचे काचशिल्पकार बर्टिल वालियेन मुळात मातीकामात घडलेले. १९६१मध्ये स्टॉकहोमच्या कलाशाळेतून बाहेर पडून ते अमेरिका-मेक्सिको पालथं घालून आले आणि १९६३मध्ये स्वीडनमधल्याच ओफोर्सच्या काचकारखान्यात रुजू झाले. काच फुंकण्यात मुरलेल्या त्या मुलखात ह्यांना हवं होतं शिल्प!

मार्ग सापडला ओल्या वाळूत. वाळूत आकार दाबायचा, त्यावर धातूच्या ऑक्साइडची पूड भुरभुरायची, मग पळीने वितळलेली काच ओतायची. मध्येच आधी घडवलेली चिमुकली मुंडकी ठेवून वर पुन्हा काच. निववताना घाई केली की तडा ठरलेला. मोठं काम भट्टीत कित्येक दिवस मुरतं.

बाहेरून खरखरीत, आत निळसर खोल अशा, ह्याच रीतीने ओतलेल्या त्यांच्या काचेच्या होड्या पाहताना व्हायकिंगांच्या दफननौका हमखास आठवतात.