उड्डाण-जाकिटे, लष्करी
विमानातील कर्मचाऱ्यांचे उंचावरील थंडीपासून संरक्षण करणारी आखूड जाकिटे. दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) छायाचित्रांत त्यांचे प्रकार शिवणीवरून ओळखावे लागतात. कारण कृष्णधवल छायाचित्रांत तांबूस व गडद तपकिरी छटांतील भेद खात्रीने कळत नाही. अमेरिकी भूसेनेच्या हवाई दलाच्या ‘ए-२’ (१९३१) जाकिटास चामड्याची साधी कॉलर, स्कंधपट्ट्या व अखंड पाठ असते. अमेरिकी नौदलाच्या ‘एम-४२२ ए’ जाकिटास केसाळ कॉलर असते, स्कंधपट्ट्या नसतात व हालचालीसाठी खांद्यांमागे चुण्या असतात. ब्रिटिश हवाई दलाचे ‘अर्विन’ जाकीट मेंढीच्या लोकरीसकट कातड्याचे, रुंद कॉलरचे व सामान्यतः बाहेरून बिनखिशांचे असते. चीनमध्ये लढलेल्या काही अमेरिकी वैमानिकांच्या जाकिटांच्या पाठीवर चिनी ध्वज व साहाय्याची विनंती छापलेले कापड दिसते. विमान पडल्यास ग्रामस्थांना ओळख पटावी, हा त्यामागील हेतू.

जाकिटावरून छायाचित्राच्या काळाची केवळ पूर्वमर्यादा ठरते. ‘ए-२’ ची नवी खरेदी १९४३ मध्ये थांबली, तरी त्याचा वापर युद्धाच्या अखेरपर्यंत चालू होता. ब्रिटनमधील काही अमेरिकी वैमानिक ब्रिटिश जाकिटेही वापरीत. म्हणून बिल्ले व विमानावरील खुणा यांचा पडताळा न घेता दल ठरविल्यास छायाचित्रातील व्यक्तीची ओळखच चुकण्याचा संभव असतो.