माती पांघरणारी मुंगी

कोस्टा रिकातील ला सेल्व्हा येथील वर्षावनात पाचोळ्याचा ओलसर थर चाळून पांढऱ्या कापडावर पसरला, तरी बॅसिसेरॉस मान्नी ही मुंगी समोर हजर असूनही सहसा नजरेस पडत नाही. कारण धक्का लागताच ती निश्चल होते, आणि तिच्या अंगावर मातीचे असे पूट चढलेले असते की तीही मातीचाच एक कण भासावी. 1986 साली बर्ट हॉल्डोब्लर व एडवर्ड विल्सन यांनी या वेषांतराची मीमांसा केली: तिच्या देहावरील लांब केसांची टोके कुंचल्यासारखी फाटलेली असून ती माती गोळा करतात, आणि त्यांखालचे आखूड, पिसांसारखे केस ती धरून ठेवतात. प्राणिसृष्टीतील इतकी विलक्षण योजना मला तरी दुसरी ठाऊक नाही. वयोवृद्ध कामकरी मुंगीवर हे आवरण दाट, तर नुकत्याच कोशाबाहेर आलेलीवर जवळजवळ नसतेच. सबब केवळ रंगावर भिस्त ठेवणारा एकाच वारुळातील बहिणींना दोन निराळ्या जाती ठरवण्याचा संभव असतो. म्हणून नमुना स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली बारा खंडांची शृंगिका, दोन पेरांची कंबर आणि त्या द्विविध केसांची ठेवण तपासावी.