आता हजेरी घ्या, सर

सकाळी साडेआठ. परळ स्टेशनातून चालत ओपीडीत पोचते, तोवर केसपेपरची रांग जिन्यापर्यंत आलेली असते. आज पहिल्या मावशी दादरच्या फुलबाजारातल्या. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज बसला तो बसलाच. ‘‘भाव सांगतानाच दम लागतो गं ताई, आणि पाणी प्यायलं की ठसका.’’

नऊ. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली. उजवा स्वरतंतू मधोमध येतो, डावा जागचा हलत नाही. फटीतून हवा निसटते आणि वाक्याआधी श्वास संपतो. एका दमात ‘आऽऽ’ एरवी 15-20 सेकंद सहज ओढता येतो. मावशी पाचव्यालाच थांबल्या. पेला हातात देऊन शिकवलं : हनुवटी खाली, मान डावीकडे, मग छोटा घोट. ठसका लागला नाही, तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

थायरॉइडच्या ऑपरेशनात दुखावलेली, स्वरतंतू हलवणारी नस तुटली नसेल तर 6 ते 12 महिन्यांत सावरू शकते. पण रोजचा धंदा बुडत असताना नुसतं ‘वाट बघा’ म्हणणं मला पटत नाही. डॉक्टरांशी बोलून हायलुरॉनिक ॲसिडचं इंजेक्शन ठरवलं. त्याने तंतू फुगतो, फट भरते. काही महिन्यांत ते विरतं, तोवर नसेला वेळ मिळतो.

साडेअकरा. ऑपरेशन थिएटर. गिरगावातले शिक्षक, वर्ष उलटलं, नस सावरली नाही. आज थायरोप्लास्टी. जपानच्या इश्शिकींनी 1974 मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया. मान फक्त बधिर करतात, पेशंट जागा असतो. कंठाच्या कूर्चेत छोटी खिडकी करून सिलिकॉनचा तुकडा आत सरकवला, की निपचित तंतू मधे ढकलला जातो. किती ढकलायचा, हे कानाने ठरतं.

‘‘आता हजेरी घ्या, सर.’’

पहिली दोन नावं हवेतच विरली. तुकडा आणखी आत. आता आवाज दाबलेला, घुसमटलेला. बाहेर काढला, कडेने कोरला, पुन्हा बसवला. पुढचं नाव खणखणीत आलं. मग सर थांबेचनात. डोळ्यांतून पाणी, आणि हजेरी चालूच.

तीन. लालबागचे काका. दोन महिने आवाज घोगरा, काढे चालू. ऑपरेशन कुठलंच नाही. डावा तंतू निपचित.

‘‘आवाजासाठी छातीचा सीटी कशाला?’’

केसपेपरच्या मागे चित्र काढलं. डावी नस छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालून घशाकडे परत येते. फुप्फुसात गाठ असली तर पहिली तक्रार आवाजाचीच असू शकते. म्हणूनच तीन आठवड्यांपुढे आवाज घोगरा राहिला, तर घसा दाखवलाच पाहिजे. काकांच्या मुलाला फोन लावला आणि सीटीसाठी उद्या सकाळची वेळ मागून घेतली.