बाजारात न आलेल्या खेळाची चोरी

घरातली मुले मोबाइलवर नाहीतर संगणकावर खेळ खेळतात, यात आता नवल राहिलेले नाही. आईवडिलांची तक्रार बहुधा एवढीच असते की डोळे बिघडतात आणि अभ्यास बुडतो. परंतु या खेळांच्या दुनियेत गेली वीस-बावीस वर्षे आणखी एक प्रकार चालू आहे आणि त्याविषयी घरात क्वचितच बोलले जाते. जो खेळ अजून पुरता तयारच झालेला नाही, तो कंपनीच्या संगणकातून चोरून जगभर वाटला जातो. मुले तो शोधतात, बघतात, मित्रांना दाखवतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "कंपनीकडे कोट्यवधी रुपये आहेत, तिचे काय बिघडते?"

हे उत्तर कष्टकरी माणसाला पटकन पटते. श्रीमंताच्या तिजोरीतून चिमूटभर गेले तर आपण का हळहळावे? पण त्या तिजोरीतून नेमके काय गेले आणि ते कुणाचे होते, हे पाहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.

खेळ कसा तयार होतो, हे आधी थोडे समजून घेऊ. एकेका मोठ्या खेळावर शेकडो, कधी हजारो माणसे चार-पाच वर्षे आणि त्याहूनही जास्त काळ राबतात. कुणी चित्रे काढतो, कुणी आवाज बसवतो, कुणी दिवसभर तोच तो भाग खेळून चुका शोधतो. ही माणसे केवळ अमेरिकेत किंवा जपानमध्ये नाहीत. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली पुण्यात आपली शाखा सुरू केली. बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही जुनी भारतीय कंपनी २०१९ साली रॉकस्टार या परदेशी कंपनीने विकत घेतली. म्हणजे या धंद्यात आपल्या बाजूच्या मुलामुलींचेही हात लागलेले आहेत.

सोर्स कोड म्हणजे खेळाची मूळ संहिता. संगणकाने काय करावे, केव्हा करावे, याच्या लाखो ओळींच्या सूचना. ग्राहकाच्या हाती येतो तो शिवून इस्त्री केलेला सदरा. सोर्स कोड म्हणजे शिंप्याची मापाची वही, बेतलेले कागद, कुठे शिवण कच्ची राहिली आहे त्याच्या खुणा. ती वही ज्याच्या हाती पडली, त्याला कुठले कुलूप सहज उघडते हेही कळते. म्हणून अशा चोरीनंतर त्या खेळात लबाडी करणाऱ्यांचे फावण्याची भीती असते, आणि सुरक्षेचा भाग पुन्हा तपासत बसण्याचे काम त्याच कर्मचाऱ्यांच्या माथी येते.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले प्रकरण २००३ सालचे आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात व्हॉल्व्ह नावाची कंपनी आहे. तिचा 'हाफ-लाइफ' हा खेळ १९९८ साली निघाला आणि फार गाजला. त्याचा दुसरा भाग ३० सप्टेंबर २००३ रोजी येणार, असे कंपनीने त्या वर्षीच्या मे महिन्यात जाहीर केले होते. लोक दिवस मोजत होते. तारीख जवळ आली तशी ती पुढे ढकलली गेली, आणि २ ऑक्टोबरला कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी खेळाडूंना उद्देशून एक निवेदन प्रसिद्ध केले. खेळाचा सोर्स कोड चोरीला गेला होता. ११ सप्टेंबरच्या सुमारास कुणीतरी त्यांची ईमेल उघडून वाचत होते. कंपनीच्या काही संगणकांत तर असा छुपा प्रोग्राम बसवला होता की दाबलेले प्रत्येक अक्षर चोराला कळावे. विषाणू पकडणाऱ्या प्रोग्रामलाही तो सापडू नये, अशी तजवीज केलेली होती. न्यूवेल यांनी चोर शोधण्यासाठी खेळाडूंचीच मदत मागितली.

लागलीच अर्धवट खेळही जगभर फिरू लागला. तो किती अपुरा आहे, हे सर्वांना दिसले. यात कंपनीचीही लबाडी उघडी पडली असे म्हणणारे होते, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. कामाची खरी स्थिती ठाऊक असताना मोठ्या थाटात तारीख सांगायची, हा व्यापाऱ्यांचा जुना खाक्या आहे. पण आतल्या माणसांवर काय गुजरले ते पाहा. महिन्याला सुमारे दहा लाख डॉलर खर्च चालू होता, काम संपत नव्हते, आणि अशात एका तरुण कर्मचाऱ्याने न्यूवेल यांना विचारले की यामुळे आपली कंपनी बुडेल काय? ही गोष्ट न्यूवेल यांनीच पुढे एका पत्रकाराला सांगितली. हा प्रश्न आपल्याकडे गिरणीच्या फाटकाशी किती जणांनी किती वेळा विचारला असेल! मालकाला त्या वेळी नफ्यातोट्याची चिंता असते, पण नोकरदाराच्या डोळ्यांसमोर घरभाडे आणि मुलांची फी उभी राहते.

चोर निघाला जर्मनीतल्या एका छोट्या गावचा, एकविशीतला तरुण. तो या खेळाचा निस्सीम चाहता होता. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याने स्वतःच न्यूवेल यांना ईमेल पाठवून घुसखोरीची कबुली दिली आणि कंपनीत नोकरी मिळेल काय, असेही विचारले! कंपनीने अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या सल्ल्याने मुलाखतीचे नाटक रचले. त्याला अमेरिकेत बोलवायचे आणि उतरताच धरायचे, असा बेत होता. परंतु ७ मे २००४ रोजी जर्मन पोलिसांनीच त्याला घरी पकडले. खटला जर्मनीत चालला, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये त्याला दोन वर्षांची परिवीक्षेची शिक्षा झाली. तुरुंगवास टळला. आपण फक्त एका माणसाला फाइली दिल्या, त्याने त्या पसरवल्या, असे त्याचे सांगणे होते. खोटे असेलच असे नाही. इंटरनेटवर एकाला दिलेली वस्तू गावाला दिल्यासारखीच असते, हे मात्र त्याला कळायला हवे होते. खेळ शेवटी १६ नोव्हेंबर २००४ रोजी बाजारात आला.

ब्रिटनमधले प्रकरण याहून वाईट आहे. ऑक्सफर्डचा एक किशोरवयीन मुलगा, तीव्र स्वमग्नता असलेला. आधीच्या अशाच गुन्ह्यात जामिनावर असताना पोलिसांनी त्याला एका साध्या हॉटेलात ठेवले होते, त्याचा लॅपटॉप काढून घेतला होता. तेव्हा त्याने हॉटेलचा टीव्ही, टीव्हीला लावायची एक चिमुकली कांडी, मोबाइल, कीबोर्ड आणि माऊस एवढ्या सामग्रीवर रॉकस्टार कंपनीच्या अंतर्गत संदेशयंत्रणेत शिरकाव केला. सप्टेंबर २०२२ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या सहाव्या भागाच्या सुमारे ९० चित्रफिती जगभर पसरल्या. सावरायला ५० लाख डॉलर आणि कर्मचाऱ्यांचे हजारो तास लागले, असे कंपनीने न्यायालयाला कळवले. डॉक्टरांच्या मते तो खटल्याला सामोरे जाण्याच्या स्थितीत नव्हता. म्हणून पंचांनी हे कृत्य त्याने केले की नाही, एवढेच ठरवले. डिसेंबर २०२३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याला बेमुदत काळासाठी सुरक्षित रुग्णालयात ठेवण्याचा आदेश झाला. एवढी बुद्धी, आणि ती वेळेवर वळणावर लावणारे कुणीच भेटले नाही! त्याला केवळ चोर म्हणून मोकळे व्हावे असे मला वाटत नाही.

त्या ९० चित्रफितींचे पुढे काय झाले? बघणाऱ्यांनी हसून घेतले. चित्रे साधीच आहेत, एवढी वर्षे काय केले, असे टोमणे सुरू झाले. अर्धे बांधलेले घर बघून गवंड्याला नावे ठेवावीत, तसा हा प्रकार. तेव्हा दुसऱ्या कंपन्यांतल्या कितीतरी कलावंतांनी आपापल्या गाजलेल्या खेळांची कच्ची, ओबडधोबड रूपे आपणहून लोकांपुढे मांडली. पाहा, आमचेही आधी असेच दिसत होते! एका धंद्यातल्या माणसांनी परक्या कंपनीतल्या कामगारांची अशी पाठराखण करावी, ही मला या साऱ्या भानगडीतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

आता पैशांसाठी केलेली चोरी. कॅलिफोर्नियातल्या इन्सोम्नियाक या कंपनीच्या संगणकांत घुसलेल्या टोळीने डिसेंबर २०२३ मध्ये ५० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे २० लाख डॉलर मागितले. आठवड्याची मुदत दिली. पैसे मिळाले नाहीत, तेव्हा तेरा लाखांहून अधिक फाइली जगासमोर ओतल्या. लोकांनी धाव घेतली ती 'वुल्व्हरिन' या अपुऱ्या खेळावर. पण त्याच ढिगात कर्मचाऱ्यांच्या पासपोर्टच्या प्रती होत्या, नोकरीची कागदपत्रे होती. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, 'पोकेमॉन'चे खेळ बनवणाऱ्या गेम फ्रीक या जपानी कंपनीने कळवले की तिच्या आजी-माजी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांची नावे व ईमेल पत्ते असलेल्या २,६०६ नोंदी बाहेर गेल्या आहेत. कंपनी कितीही श्रीमंत असो, पासपोर्ट कंपनीचा नसतो. मालकाच्या तिजोरीला हात घातला म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात कंत्राटी कामगाराचा खिसा उलटा केला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी टाळणार नाही. इन्सोम्नियाकच्याच कागदांतून कर्मचारी कपातीची आतली चर्चा बाहेर आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची मालक कंपनी सोनी हिने खेळांच्या विभागातली सुमारे ९०० माणसे कमी केली. मग चोरीने कामगारांना सावधच केले ना? केले असेल. पण खंडणीखोराला कामगाराचे हित साधायचे नव्हते. आतले गुपित बाहेर आणण्याची दुसरी वाट याच धंद्यात आधी चालून दाखवलेली आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये, म्हणजे 'हाफ-लाइफ २' आला त्याच महिन्यात, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीतल्या एका प्रोग्रामरच्या सहचारिणीने नाव न देता इंटरनेटवर एक पत्र प्रसिद्ध केले. सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस, सरासरी ८५ तास, आणि जादा कामाचा पैसा नाही. तिने कुणाची ओळही चोरली नाही, आपल्या घरात काय चालले आहे ते सांगितले. याच प्रश्नावर झालेल्या दाव्यांत कंपनीला चित्रकारांसाठी १ कोटी ५६ लाख आणि प्रोग्रामरांसाठी १ कोटी ४९ लाख डॉलर मोजावे लागले. अन्याय सोसणाऱ्याने तो चव्हाट्यावर मांडणे ही चोरी नव्हे.

आणखी एका बाबतीत कंपन्यांचे पारडे हलके आहे. 'स्टार फॉक्स २' हा खेळ १९९०च्या दशकाच्या मध्याला तयार होऊन पडला होता. निंटेंडो कंपनीने तो कपाटात ठेवला आणि अधिकृतपणे बाहेर काढला २०१७ साली. बनवणाऱ्यांची उमेदीची वर्षे बावीस वर्षे कुलपात! अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत, असे खेळांचा इतिहास जपणाऱ्या तिथल्या संस्थेने २०२३ साली दाखवून दिले. असे टाकून दिलेले काम कुणी जपून ठेवले, तर त्याला आणि चालू कामावर डल्ला मारणाऱ्याला एकाच मापाने मोजू नये. कायदा हा फरक फारसा करत नाही, ही कायद्याची उणीव आहे.

आपल्याकडचा कायदा पालकांनी माहीत करून घ्यावा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये सोर्स कोडच्या चोरीचा स्पष्ट उल्लेख आहे. लबाडीने तसे केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरणाऱ्यालाही कॉपीराइट कायद्याखाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मी फक्त बघितले, चोरले दुसऱ्याने' हा बचाव दर वेळी चालेल, या भरवशावर मुलांनी राहू नये.

आणि ज्या मुलाला कुलपे उघडण्याचीच आवड आहे, त्याच्यासाठी उघड दार आहे. संगणकातली कच्ची जागा शोधून ती गुपचूप कंपनीला कळवणाऱ्यास बक्षीस देण्याच्या योजना अनेक कंपन्यांनी काढल्या. सोनीने २०२० साली अशी योजना जाहीर केली तेव्हा गंभीर दोषासाठी ५० हजार डॉलरपासून पुढे बक्षीस ठेवले होते. ज्या व्हॉल्व्हच्या संगणकांत तो जर्मन तरुण घुसला होता, तिनेही २०१८ साली आपली योजना सर्वांना खुली केली. प्रत्येक योजनेचे नियम असतात, काय तपासावे आणि कशाला हात लावू नये याची यादी असते. मुलगा ती वाचत असेल तेव्हा शेजारी बसावे, इंग्रजी अडले तर शेजारपाजारच्या शिकलेल्या मुलीला बोलवावे, पण यादी पुरती वाचून झाल्याशिवाय त्याला पुढे जाऊ देऊ नये.