बरे होण्याचे श्रेय कोणाचे? : गोव्यातील मानसोपचार-चाचण्यांचा परिचय

अंगुत्तर निकायातील रोगसुत्तात रोगाचे कायिक आणि चेतसिक असे दोन प्रकार सांगितले आहेत. कायिक रोगासाठी दवाखान्यात जाण्यास आज कोणी कचरत नाही. चेतसिक रोगाची गोष्ट मात्र निराळी आहे. आपल्या परभणी जिल्ह्यात जिंतूर, पालम वा गंगाखेडच्या बाजूस झोप उडालेल्या, अन्नावरची वासना गेलेल्या माणसाला आजही कोठे कोठे आधी देवऋषाकडे नेले जाते. दोन-तीन महिन्यांनी तो सावरला, की श्रेय गंड्यादोऱ्याला मिळते. ‘काही म्हणा, गुण तर आला ना?’ या प्रश्नापुढे भला भला कार्यकर्ताही निरुत्तर होतो.

या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही. तुलनेने देता येते. सारख्याच रुग्णांचे दोन गट करावयाचे, कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे केवळ योगायोगावर सोपवावयाचे, एका गटास नवा उपचार द्यावयाचा आणि काही काळाने दोहोंत किती जण बरे झाले हे मोजावयाचे. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या, क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने ही पद्धत वैद्यकात रूढ केली. मानसिक आजारांबाबत तिचा आपल्या शेजारी झालेला सर्वांत बोधप्रद उपयोग म्हणजे गोव्यातील डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कार्य होय. १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘संगाथ’ ही संस्था या कार्याचे केंद्र आहे.

त्यांची २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी ४५० रुग्णांवर होती. एका गटास फ्लुओक्सेटिन हे औषध, दुसऱ्यास तशीच दिसणारी परंतु औषधी द्रव्य नसलेली गोळी आणि तिसऱ्यास संवादाद्वारे मानसोपचार देण्यात आला. दोन महिन्यांनी औषध पोकळ गोळीपेक्षा सरस ठरले. मानसोपचार मात्र ठरला नाही. हा निष्कर्ष संशोधकांनी झाकून ठेवला नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

त्यापुढील चाचणी ‘मानस’ या नावाने ओळखली जाते. येथे चिठ्ठी रुग्णांची नव्हे, तर दवाखान्यांची टाकण्यात आली : १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे व १२ खाजगी दवाखाने, एकूण २४. रुग्णसंख्या २,७९६ होती. निवडलेल्या दवाखान्यांत वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन नेमले गेले. रुग्णाला त्याचा त्रास समजावून सांगणे, नातेसंबंधांतील अडचणींवर बोलणे, डॉक्टरांनी दिलेले औषध चालू राहते की नाही हे पाहणे, असे त्यांचे काम होते. मानसोपचारतज्ज्ञ मागे राहून देखरेख करीत. तुलनेच्या दवाखान्यांतील रुग्णांनाही वाऱ्यावर सोडलेले नव्हते. त्यांच्या तपासणीचा निष्कर्ष तेथील डॉक्टरांना कळविला जात होता.

सहा महिन्यांनंतरचे आकडे २०१० साली प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत, आजाराचे निदान पक्के झालेल्यांपैकी समुपदेशन असलेल्या गटात ६५.९ टक्के, तर तुलनेच्या गटात ४२.५ टक्के रुग्ण बरे झाले. वाचकांनी या दुसऱ्या आकड्यापाशी थोडे थांबावे. समुपदेशक नसतानाही शंभरातील बेचाळीसांहून अधिक जण सावरले! त्या काळात त्यांच्या दंडाला कोणी दोरा बांधला असता, तर हे सारे बेचाळीस जण दोऱ्याचे साक्षीदार झाले असते. देवऋषाचे यश बहुधा या बेचाळिसांत दडलेले असते. आणि डॉक्टरांनीही आपले सगळे यश आपलेच मानू नये. उपचाराचे खरे श्रेय केवळ वरच्या तेवीस टक्क्यांपुरते आहे. खाजगी दवाखान्यांत तर दोन्ही गटांत फरकच आढळला नाही. तेथे तुलनेच्या गटातील रुग्णही तितक्याच प्रमाणात बरे झाले होते.

२००३ मध्ये अपयशी ठरलेला संवादोपचार संशोधकांनी टाकून दिला नाही. तो नव्याने बांधला. गळून गेलेल्या माणसाला पुन्हा लहान लहान कामांत, माणसांत आणणे, हा त्याचा गाभा. सहा ते आठ बैठकींचा हा उपचार दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर तपासला गेला. तीन महिन्यांनी नवा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर इतरांपैकी ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. हेही काम तज्ज्ञांनी नव्हे, प्रशिक्षित सामान्य माणसांनीच केले होते.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ उपक्रमाचे. तेथील ३० गावांत नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. वाढ लक्षणीय आहे. तथापि या अभ्यासात तुलनेची गावे नव्हती. म्हणून गंड्यादोऱ्याला लावलेली कसोटी येथेही लावली पाहिजे, आणि ही सारी वाढ उपक्रमामुळेच झाली असे ठामपणे म्हणता येत नाही. मराठवाड्यात असा उपक्रम हाती घेणाऱ्यांनी काही गावे तुलनेसाठी आरंभीच निश्चित करावीत आणि तेथे उपक्रम वर्षभराने न्यावा. म्हणजे कोणी उपचारांवाचून राहणार नाही आणि हिशोबही चोख राहील.