नातीला नातू म्हणताना

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात परवा एका आजींनी विचारले, "नात म्हणते, मला नातू म्हण. 78व्या वर्षी जीभ वळायची कशी?" प्रश्नात राग नव्हता, धास्ती होती. डॉक्टर काय करतील, लोक काय म्हणतील, आणि लेकरू आपल्यापासून तुटेल का?

घरातल्या देहाचा प्रश्न सरकारदरबारी जाणे पुण्याला नवे नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींसाठीची वयोमर्यादा 10 वरून 12 वर नेली, तेव्हा टिळकांनी 'केसरी'तून कडाडून विरोध केला होता. ज्या मुलींच्या देहाविषयी तो वाद पेटला, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. आज ती व्यक्ती स्वतःच अर्ज घेऊन उभी असते.

बीड जिल्ह्यातील ललिता साळवे यांचेच पाहा. 2010 मध्ये त्या महिला शिपाई म्हणून पोलीस दलात भरती झाल्या. पुढे तपासणीत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र आढळले. 2017 मध्ये शस्त्रक्रियेसाठी मागितलेली रजा नाकारली गेली. पुरुष आणि महिला शिपायांच्या भरतीचे शारीरिक निकष वेगळे, ही अडचण! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर गृह विभागाने परवानगी दिली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललिता यांचे ललित झाले, नोकरी टिकली, 2020 मध्ये लग्नही झाले.

मात्र साळवे यांची शरीररचना जन्मतःच निराळी होती. बहुतेक पारलिंगी व्यक्तींचे तसे नसते. शरीर व गुणसूत्रे सर्वसाधारण असतात, पण स्वतःविषयीची आतली जाणीव वेगळी असते. ती कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही असे म्हटले, आणि 2019 मध्ये मंजूर झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगवर्गीकरणाने ही अवस्था मानसिक विकारांच्या यादीतून काढली. तेव्हा 'बरे करून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. औदासीन्य, झोप उडणे, जिवाला कंटाळणे यांवर मात्र उपचार हवेतच, आणि ते विनाविलंब.

संप्रेरके घेणे हा प्रत्येकाचा मार्ग नसतो. जे घेतात त्यांनी ती मित्राच्या सल्ल्याने किंवा थेट दुकानातून आणून घेऊ नयेत. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकते. इस्ट्रोजेनने, विशेषतः गोळ्यांच्या रूपात आणि धूम्रपानाची जोड असल्यास, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. अंडाशय वा वृषणे काढल्यावर संप्रेरके परस्पर बंद केली तर हाडे ठिसूळ होतात.

वयस्क पारलिंगी व्यक्तींची देखभाल करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तपासणी कागदावरच्या लिंगानुसार नव्हे, शरीरातील अवयवानुसार करायची असते. स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीची प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेनंतरही सहसा तशीच राहते. पुरुष म्हणून जगणाऱ्याचे गर्भाशयमुख काढलेले नसेल, तर कर्करोगाची चाचणी चुकवून चालत नाही. संकोचापोटी हे डॉक्टरांना सांगितलेच जात नाही, आणि डॉक्टरही विचारत नाहीत. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात 2023 मध्ये तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. इतरत्र बहुधा 'पुरुष विभाग की स्त्री विभाग' या प्रश्नावरच गाडी अडते. विमा, आधार आणि रुग्णालयातील नोंद यांवरचे नाव एकच आहे ना, हे आजारपण येण्याआधीच पाहून ठेवावे. ओळखपत्राचे नियम बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

राहिला जिभेचा प्रश्न. मराठीत 'गेली' की 'गेला' हे पावलोपावली ठरवावे लागते. इंग्रजी बोलणाऱ्यांना ही अडचण एवढी नसते. चूक होईल, सुधारून पुढे बोलावे. आजी सध्या नव्या नावाने हाक मारण्याची सवय करत आहेत. 'जेवायला ये' म्हणताना मुलगा की मुलगी हे ठरवावेच लागत नाही, हे त्यांचे त्यांनाच उमगले.